निळ्या मण्यांची

पहाटे गाईंची धार काढली की पहिलं दूध मी पीत नाही आणि घरात कुणाला पिऊ देत नाही. तुंब्याच्या तोंडाशी हिरवं गवत धरायचं, चार दिशांना चार शिंतोडे द्यायचे आणि आभाळातल्या एन्काईला म्हणायचं, लेकरं सांभाळ, गुरं सांभाळ. मग घर. सासूने घालून दिलेला नेम आहे. दुष्काळात दूध नसलं तर पाणी शिंपडते, पण चुकवत नाही.

रेसियातो आमच्या वस्तीत आली त्या सकाळी माझ्या तीन दिशा झाल्या होत्या. चौथीकडे वळले तर कुंपणाच्या दारात ही उभी. पाठीला पिशवी, पायात बंद बूट, काखेत वही. मी शिंपडलेलं दूध तिच्या बुटांवर पडलं.

"कोको, मी शिकवायला आले," असं म्हणून तिने मान वाकवली.

कोको म्हणजे आजी. आजीच्या वयाच्या बाईपुढे लहानाने मान वाकवायची, मोठीने डोक्यावर तळवा ठेवायचा. मी ठेवला. पण मनात आलंच, माझी चौथी दिशा हिने खाल्ली.

शाळा आमची आम्हीच बांधलेली. जवळची सरकारी शाळा म्हणजे दिवसभराची वाट, मध्ये हत्तींचं रान. म्हाताऱ्या पुरुषांनी बाभळीखाली बसून ठरवलं की शाळा आपल्याच वस्तीत हवी, आधी आपली भाषा, मग स्वाहिली, आणि शिकवणारी आपल्यातली. ठरवून ते उठले, ताक प्यायले आणि झोपले. खांब रोवले ते आम्ही बायकांनी, फांद्या विणल्या आम्ही, शेण लिंपलं आम्ही. घर बांधणं हे बाईचंच काम, मग शाळा तरी कोण बांधणार? दाराच्या डाव्या हाताची भिंत माझी. दर आठवड्याला तिला नव्याने शेण लावायला मी जायची.

आणि शिकवणारी मिळाली ती ही. मासाईच, पण डोंगरापलीकडची, दुसऱ्या कुळीची, शहरात बारा वर्षं राहिलेली. माझी शेजारीण नोलारी म्हणाली, "शहराने धुतलेलं कापड आहे हे. रंग आपला दिसतो, पण वास घेऊन बघ."

मला कागदाचं भय होतं. ते कसलं, ते सांगते.

आमचे हे... त्यांचं नाव मी घेत नाही. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. त्याच घरात तेच नाव दुसऱ्या कुणाचं असलं तर त्या जिवंत माणसाचं नाव बदलतात, म्हणजे चुकूनही हाक जायला नको. तर आमचे हे असताना एक माणूस आला होता. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. त्याने कागद वाचून दाखवला, इथे विहीर खणणार म्हणून. ह्यांनी सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला. विहीर आलीच नाही. पुढच्या वर्षी पश्चिमेच्या कुरणाला तारेचं कुंपण पडलं आणि आत सिंह बघायला येणाऱ्यांचे तंबू लागले. कागदात एक होतं, वाचणाऱ्याच्या तोंडात दुसरं. ह्यांनी मरेपर्यंत तो अंगठा दुधाच्या तुंब्याला लावला नाही. चार बोटांनी धरून प्यायचे.

आता आमच्यापाशी उरलाय एक झरा. शाळेच्या मागे, पाचशे पावलांवर. तो गेला की गुरं गेली. गुरं गेली की आम्ही कोण?

माझी नात नामुन्याक माझ्याच झोपडीत राहते. माझा मुलगा सिरोंका गुरं घेऊन लांब गेलेला, सून धाकट्या बाळात अडकलेली. नामुन्याकला शाळेत पाठव म्हणून मीच सिरोंकाच्या मागे लागले होते. तो म्हणाला होता, "आई, तुझ्या जिवावर पाठवतो. काही वाकडं दिसलं तर पोरगी परत शेळ्यांमागे." म्हणून माझे कान त्या भिंतीला लागलेले असायचे. हात शेणात, कान आत.

रोज सकाळी रेसियातो वही उघडून मुलांची नावं घ्यायची. घेतलेल्या नावाचं मूल "हो" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आलं. सगळ्यांची नावं घेतली, नामुन्याकचं नाही. नावं संपली की ती वहीतून मान वर न करता म्हणायची, "आणि तू, निळ्या मण्यांची."

"हो," माझी नात म्हणायची.

संध्याकाळी मी विचारलं, "बाई तुला नावाने का हाक मारत नाही गं?"

"माहीत नाही. मला निळ्या मण्यांची म्हणतात. मुलंसुद्धा आता निळी म्हणतात."

"तुला राग येत नाही?"

"लेशोरोला शेंबड्या म्हणतात. निळी बरी की!"

मी नोलारीला सांगितलं, ही माझी चूक. नोलारीला सांगणं म्हणजे वाऱ्याला सांगणं. ती डोळे बारीक करून म्हणाली, "अगं, नाव घेत नाही म्हणजे नाव लिहिलेलंच नाही. जिचं नाव वहीत नाही ती उद्या कुठे गेली, कुणी विचारायचं? शहरात घरकामाला पोरी लागतात."

"काहीतरीच."

"काहीतरी असेल. पण तुझी पोरगी दिसायला चांगली आहे हो, सिरोंकाची आई."

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. मी परीक्षा घ्यायची ठरवली. नामुन्याकसाठी पांढऱ्या-तांबड्या मण्यांची नवी माळ ओवली. दोन दिवस डोळे फुटले. निळा म्हणून एक मणी ठेवला नाही, आणि रात्री तिच्या गळ्यातली निळी काढून ही घातली. म्हटलं, बघू आता काय म्हणते. नाव घ्यावंच लागेल.

सकाळी भिंतीपाशी गेले. नावं झाली. मग आवाज आला, "आणि तू... काल निळे मणी होते ती."

मुलं खदखदून हसली. मी हातातला शेणाचा गोळा भिंतीवर इतक्या जोरात मारला की आतून पोपडा पडला.

संशय असा असतो. एकदा दारातून आत आला की घरातली प्रत्येक वस्तू उचलून बघतो. रेसियातो मुलांना विचारायची, तुमचं घर कोणत्या बाजूला, पाणी कुठून आणता. मला वाटायचं, हिला काय करायचंय? ती झऱ्यावर जाऊन बसायची, वहीत काही काढायची. एकदा तारेच्या कुंपणापाशी हिरव्या कपड्यातल्या माणसाशी बोलताना मी तिला डोळ्यांनी पाहिली. तो हसत होता. ती हसत नव्हती, हे खरं. पण बोलत होती.

एके दुपारी मी तिच्याकडे दूध घेऊन गेले. बोलण्यात बोलणं काढून विचारलं, "वहीत सगळ्या मुलांची नावं आहेत ना, बाळ?"

"आहेत, कोको."

"माझ्या नातीचं?"

"तिचंही आहे."

"मग घेत का नाहीस?"

तिने तुंबा माझ्या हातातून घेतला आणि उगाच त्याचं झाकण पुसत बसली. पुसण्यासारखं काही नव्हतं, मी तो त्याच सकाळी जैतुनाच्या निखाऱ्याने धुरी देऊन स्वच्छ केला होता. "कोको," ती म्हणाली, "ती हुशार आहे. वस्तीत सगळ्यात आधी ती वाचायला लागेल." एवढंच बोलून ती चहा करायला उठली.

प्रश्न विचारला एक, उत्तर आलं दुसरं. घरी येताना मी तांबड्या एन्काईची आठवण केली. काळी एन्काई पाऊस देते, मायाळू आहे. तांबडी रागावलेली. मी मनात म्हटलं, ही मुलगी माझ्या लेकराला फसवत असेल तर तू बघून घे. नेमाच्या बाईने असं शापाचं बोलू नये. बोलले.

दोन पावसाळे गेले. नामुन्याक वाचायला लागली. आधी आमच्या भाषेतलं, मग स्वाहिलीतलं. स्वाहिलीचा अर्थ तिला फारसा कळत नसे, पण त्या भाषेत जसं लिहितात तसंच वाचतात, त्यामुळे अक्षरं ओळखली की पोरं धडाधड म्हणत सुटतात. माझ्या झोपडीत चहाच्या पुड्यावरची अक्षरं ती वाचून दाखवायची. "म्हणजे काय?" विचारलं की म्हणायची, "ते नाही माहीत. पण असं लिहिलंय."

आणि मग तो कागद आला.

शाळेला सरकारी मान्यता हवी, नाहीतर मुलांना पुढच्या परीक्षेला बसता येणार नाही, असं रेसियातोने सांगितलं. कागदावर मुलांची नावं, पालकांचे अंगठे. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून जीप येऊन तो घेऊन जाणार होती.

सगळी वस्ती बाभळीखाली जमली. पुरुष सावलीत आपापल्या चौरंगांवर, आम्ही बायका पाय पसरून जरा लांब उन्हात. मधोमध रेसियातो उभी, हातात कागद, पायाशी शाईची डबी. ती डबी बघून मला विहिरीच्या कागदाच्या वेळची डबी आठवली. तशीच होती ती, गोल, पत्र्याची.

म्हातारा मेपुकोरी बोलायला उठला. वस्तीत त्याचा शब्द चालतो. तरुणपणी बैल विकायला लांबलांबच्या बाजारांत हिंडलेला, त्यामुळे स्वाहिली पक्की, अक्षर मात्र एक येत नाही.

"वाच पोरी," तो म्हणाला. "पण एक सांगतो. मागे एकाने वाचलं होतं, ते अजून आमच्या घशात आहे."

"आजोबा, मी आहे तसंच वाचीन."

"तोही तसंच म्हणाला होता. तुझ्यापेक्षा गोड म्हणाला होता."

लोक हसले, पण ते हसू कोरडं होतं. रेसियातोने नावं वाचायला सुरुवात केली. लेशोरो. सेलेना. कासाइने. नावागणिक एकेक बाप मान हलवत होता. मग ती थांबली. कागदाकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. तिने ती ओळ ओलांडली आणि पुढचं नाव घेतलं.

नोलारी टपलेलीच होती. "थांब! एक गाळलंस. नामुन्याक कुठाय? बोल ना, नामुन्याक!"

रेसियातोने अंगावरच्या कापडाचा पदर झटकन तोंडावर ओढला.

बाकीच्यांनी एवढंच पाहिलं की चोर पकडला गेला. कुणी ओरडलं, "बघा, तोंड लपवतेय!" कुणी म्हणालं, "हाकला हिला, जीप यायच्या आत." मेपुकोरीने काठी आपटली तरी गलका थांबेना.

मी मात्र तो पदर ओळखला. तसा पदर मी स्वतः ओढलेला आहे. हे गेल्यानंतर बाजारात एका परक्या माणसाने दुसऱ्याच कुणाला ह्यांच्या नावाने हाक मारली, तेव्हा. आमच्यात बाई असा पदर ओढते ते गेलेल्या आपल्या माणसाचं नाव कानावर पडलं तरच.

हिची कुणी नामुन्याक गेली होती.

धाकटी बहीण असेल. मुलगी असेल. कोण, ते मी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. दोन वर्षं ही पोर रोज सकाळी वही उघडत होती, त्या ओळीपाशी येत होती आणि मण्यांचा आडोसा घेत होती. सांगणार तरी कसं? सांगायला आधी नाव घ्यावं लागतं. शहराने हिला धुतलं म्हणत होतो, आणि हिने रीत माझ्याहून घट्ट धरली होती. मी तर माळसुद्धा बदलली होती, तिचा तेवढा आडोसाही काढून घेतला होता.

मी उठले. पुरुषांच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. माझा आवाज लहान, त्यामुळे मला बोलताना बघून लोकच गप्प झाले, ऐकू यावं म्हणून.

"मेपुकोरी," मी म्हटलं, "नाव का गाळलं ते मला कळलंय. त्यात खोट नाही. माझ्या नातीचं नाव आहे, मी सांगतेय. पुढे विचारू नका."

"नाव सोड, सिरोंकाची आई. कागदाचं काय? तो कोण वाचणार? हिच्यावर विश्वास ठेवून अंगठा द्यायचा?"

मी रेसियातोकडे पाहिलं. माझं मन तिच्याकडे वळलं होतं. पण मन ह्यांचंही त्या शर्टवाल्याकडे वळलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "माझी नात वाचेल."

"ते कार्टं? त्याला स्वाहिली कुठे कळते?"

"म्हणूनच. ज्याला अर्थ कळत नाही, त्याला खोटं वाचता येत नाही. ती वाचेल, तू समज. तुला वाचता येत नाही, तिला समजत नाही. दोघं मिळून एक शहाणा माणूस होईल."

मेपुकोरी पहिल्यांदा मोकळा हसला. "शेणाचे दोन अर्धे गोळे एकत्र करून भिंत लिंपायची म्हणतेस?"

"भिंतीचं मला विचार."

नामुन्याक मधे येऊन उभी राहिली. रेसियातोने कागद तिच्या हातात दिला आणि चार पावलं मागे सरकली. नातीने नावं वाचली. स्वतःचं नाव आलं तेव्हा जरा जास्तच मोठ्याने वाचलं, दोन वर्षांत कुणी घेतलंच नव्हतं ना! रेसियातो तेव्हा झऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी होती. मग पोरीने कागद उलटला आणि मागचा बारीक मजकूर सुरू केला. बोट ठेवून, एकेक अक्षर तोडत. मेपुकोरी डोळे मिटून ऐकत होता आणि मधे मधे आमच्या भाषेत सांगत होता. शाळा चालवणार वस्ती, बरोबर. शिक्षिका नेमणार वस्ती, ठीक. पोरगी वाचत होती, घाम पुसत होती.

"म्पा-का... चेम-चे-मी," ती म्हणाली.

मेपुकोरीने डोळे उघडले. "काय?"

"म्पाका चेमचेमी."

"आधीपासून वाच."

तिने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच आलं.

"चेमचेमी म्हणजे झरा," मेपुकोरी हळू म्हणाला. "शाळेची इमारत आणि भोवतालची जागा, झऱ्यापर्यंत, सरकारी मंडळाच्या ताब्यात राहील. असं लिहिलंय."

सगळे रेसियातोकडे बघत होते. मीही.

"मी वाचलं होतं," ती म्हणाली. पदर आता तोंडावर नव्हता. "मी तालुक्याला विचारलं. ते म्हणाले, सगळ्याच शाळांच्या कागदात हे असतं, रीतच आहे. कुंपणाच्या पलीकडच्या माणसालाही विचारलं. तोही तेच म्हणाला. मी... परीक्षा बुडेल म्हणून मी गप्प बसले."

"तू वाचून दाखवणार होतीस का ही ओळ?" मेपुकोरीने विचारलं.

तिला "हो" म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "माहीत नाही, आजोबा."

खोटं बोलणाऱ्या माणसाचं उत्तर असं नसतं. आणि पूर्ण विश्वास टाकावा असंही ते उत्तर नव्हतं. मी दोन्ही गोष्टी मनात बाजूबाजूला ठेवल्या. अजून तशाच आहेत.

मेपुकोरीने शाईच्या डबीचं झाकण लावलं आणि ती स्वतःच्या कापडाच्या गाठीत बांधली. "जीप येऊ दे. सांगू, झरा खोडून नवा कागद आणा. तोवर शाळा आमच्या शेणावर उभी आहे, त्यांच्या कागदावर नाही."

"आणि हिचं काय?" नोलारीने विचारलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहील ती. भिंतीला माझा कान आहेच."

जीप आली आणि बिनअंगठ्यांचा कागद घेऊन गेली. आतल्या माणसाने दार जोरात आपटलं. नवा कागद अजून आलेला नाही. रेसियातो महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन विचारते, आणि आता आमच्यातला कुणी ना कुणी तिच्या सोबत जातो. सोबत म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी. तिला ते कळतं.

त्या सभेनंतरच्या पहाटे मी धार काढली. नामुन्याकला पुढ्यात बसवलं, तिच्या कपाळावर दूध लावलं आणि म्हटलं, "आजपासून तुझं नाव नाशिपाए."

पोरगी रडकुंडीला आली. "कोको! मला आधीचं किती छान लिहिता येतं! आत्ता कुठे त्याच्या शेपट्या सरळ यायला लागल्या!"

"नाशिपाएला शेपट्या कमी आहेत का?"

तिने बोटाने मातीत लिहून पाहिलं. "कमी आहेत," नाइलाजाने म्हणाली.

आमच्यात नाव बदलतात ते घरच्या मयतासाठी. परक्याच्या दुःखासाठी आपल्या पोरीचं नाव कुणी बदलत नाही. मी शाळेपर्यंत गेले, रेसियातोला बाजूला घेतलं आणि नातीचं नवं नाव तिच्या कानात सांगितलं. तिला त्याचा अर्थ लागला. तिने मान खाली केली आणि माझा तळवा डोक्यावर येईपर्यंत तशीच उभी राहिली. या वेळी मी तो जरा जास्त वेळ ठेवला.

मग मी शेणाची पाटी उचलून माझ्या भिंतीपाशी गेले. आत वही उघडल्याचा आवाज आला. लेशोरो. सेलेना. कासाइने.

"नाशिपाए."

"हो!" माझी नात इतक्या जोरात ओरडली की मी दचकले.

अजूनही संध्याकाळी मी तिला बाईंची वही मागून आणायला सांगते. रेसियातो न कुरकुरता देते. चुलीच्या उजेडात नात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवते, मी ऐकते. कालही वाचलं. मुलांची नावं, पाढे, पावसाचे दिवस. झरा कुठेच नव्हता.

"रोज काय गं तेच, कोको?" नात म्हणते. "तुझा विश्वास नाही का बाईंवर?"

"आहे," मी म्हणते. "वाच."